एव्हरेस्टवर एवढी रांग लागते, मग अवघड काय? शिखर कसं चढतात आणि माणसं कुठे चुकतात, समजून घ्या

सातारा : मे महिना आला की मोबाईलवर एक व्हिडिओ फिरायला लागतो. बर्फाची अरुंद कड, तिच्यावर रंगीबेरंगी जॅकेट घातलेली माणसं, एकामागे एक, रेशनच्या रांगेत उभी असावीत तशी. खाली कोणीतरी कमेंट टाकतं, "एवढी गर्दी आहे म्हणजे कोणीपण चढतंय." पारावर बसलेली पोरंही तेच म्हणतात. पैसे असले की शेर्पा वर नेऊन सोडतो, त्यात काय मोठं?

हा समज धोक्याचा आहे. आपल्या जिल्ह्यात भरतीची तयारी करणारी, पहाटे धावणारी, गडकोट चढणारी शेकडो पोरं आहेत. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०१३ मध्ये एव्हरेस्ट सर केलं. पुढे अन्नपूर्णा आणि कांचनजंगाही गाठलं, एव्हरेस्ट धरून आठ हजार मीटरवरची एकूण पाच शिखरं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमध्ये शिकलेल्या पाच आदिवासी मुलांनी, चार मुलगे आणि एक मुलगी, मे २०१८ मध्ये एव्हरेस्टवर पाऊल ठेवलं. त्यामुळे 'आपलं पोरगं पण जाईल' हे स्वप्न आता गावागावात आहे. स्वप्न चांगलंच आहे. पण ती चढाई नेमकी काय असते, हे पोराच्या आधी घरच्यांना माहीत पाहिजे. कारण तिथे जीव वाचवणारी गोष्ट पायातली ताकद नाही. ती वेगळीच आहे. शेवटपर्यंत वाचा, लक्षात येईल.

पाच कळसूबाई एकावर एक

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंच. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. एव्हरेस्ट आहे ८,८४८.८६ मीटर. म्हणजे पाच कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी सहाशे मीटर कमी पडतात. नेपाळच्या बाजूचा बेस कॅम्प, जिथून खरी चढाई सुरू होते, तोच ५,३६४ मीटरवर आहे. तीन कळसूबाई खाली राहिल्या तरी तुम्ही अजून पायथ्यालाच असता.

हवा तीच, मग दम का लागतो?

बरेच जण म्हणतात, वर ऑक्सिजन नसतो. तसं नाही. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण खाली २१ टक्के आणि एव्हरेस्टवरही २१ टक्केच. फरक पडतो तो हवेच्या दाबात.

कडब्याची गंजी डोळ्यासमोर आणा. खालच्या पेंढ्या वरच्या वजनाने दाबून घट्ट झालेल्या असतात, वरच्या पेंढ्या मोकळ्या. हवेचंही तसंच. खाली आपल्या डोक्यावर सगळ्या हवेचं वजन असतं, म्हणून हवा दाट असते. वर जाल तशी ती विरळ होते. बेस कॅम्पवर एका श्वासात आपल्याकडच्या तुलनेत साधारण निम्माच ऑक्सिजन मिळतो. शिखरावर तर जेमतेम एक तृतीयांश.

दाब कमी असल्यामुळे तिथे पाणीही लवकर उकळतं, शिखरावर साधारण ७० अंशांनाच. उकळी दिसते, पण भात शिजत नाही. म्हणून बेस कॅम्पच्या स्वयंपाकघरात कुकरशिवाय पान हलत नाही.

धावणाऱ्या पोरांनाही त्रास का होतो?

इथे आपल्या पोरांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो. "मी रोज दहा किलोमीटर धावतो, मला काय होणार?" विरळ हवा धावणारा आणि न धावणारा असा भेद करत नाही. उलट तगडं पोरगं जोरात पुढे जातं, विश्रांती घेत नाही आणि आधी आडवं पडतं.

शरीराला विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात. आधी श्वासाचा वेग वाढतो. मग किडनी रक्तातला समतोल सांभाळते. मग हळूहळू रक्तातल्या लाल पेशी वाढतात, कारण ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम त्याच करतात. हे सगळं व्हायला आठवडे जातात. ही सवय पैशाने विकत मिळत नाही आणि जिद्दीने लवकर होत नाही.

सवय होण्याआधीच वर गेलं तर आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. तिथेही ऐकलं नाही तर फुप्फुसात पाणी भरतं किंवा मेंदूला सूज येते. या दोन्हीत माणूस काही तासांत दगावू शकतो. यावर पहिला आणि खरा उपाय एकच, तो म्हणजे लगेच खाली आणणं. औषध आणि ऑक्सिजनमुळे खाली आणायला थोडा वेळ मिळतो, एवढंच.

म्हणून तर एव्हरेस्टला दीड ते दोन महिने लागतात. काठमांडूहून विमानाने लुक्ला (२,८६० मीटर), तिथून नामचे बाजार (३,४४० मीटर) आणि पुढे चालत बेस कॅम्प. एवढ्यालाच आठ-दहा दिवस घालवतात. मग बेस कॅम्पवरून वरच्या छावणीत जायचं, एक-दोन रात्री काढायच्या आणि परत खाली यायचं. पुन्हा थोडं जास्त वर, पुन्हा खाली. बघणाऱ्याला वाटेल, हा काय खुळेपणा, चढलेलं उतरायचं कशाला? पण याच येरझाऱ्यांत शरीर तयार होतं.

हिमनदी म्हणजे काय?

आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीतली लादी. हिमनदी वेगळी. वर्षानुवर्षं पडलेला बर्फ दाबून घट्ट होतो आणि स्वतःच्या वजनाने उताराला सरकायला लागतो. नदीसारखाच, पण अतिशय हळू. वाहताना तो तुटतो, भेगाळतो. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तशा, फक्त या भेगा घर गिळतील एवढ्या मोठ्या आणि खोल असतात. त्यांना क्रेव्हास म्हणतात. ताज्या हिमाचा पातळ थर वर बसला की भेग दिसतच नाही. पाय ठेवला की माणूस आत. म्हणून हिमनदीवर चालताना माणसं एकमेकांना दोराने बांधून घेतात.

आपल्या जिल्ह्यातल्या जवानांच्या घरांना हिमनदी नवीन नाही. सियाचीन ही हिमनदीच. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथे हिमकडा कोसळून दहा जवान गेले, त्यात माण तालुक्यातल्या मस्करवाडीचा जवानही होता. बर्फ काय करू शकतो, हे या जिल्ह्याने पाहिलेलं आहे.

एव्हरेस्टच्या वाटेवर बेस कॅम्प सोडला की पहिलीच गाठ खुंबू आइसफॉलशी पडते. इथे हिमनदी उंच कड्यावरून खाली उतरते, म्हणजे बर्फाचा धबधबाच. हा धबधबा दिवसाला साधारण एक मीटर सरकतो. दोन-तीन मजली इमारतीएवढे बर्फाचे ठोकळे तिथे तोलून उभे असतात. कधी कोसळतील, सांगता येत नाही. भेगांवर ॲल्युमिनियमच्या शिड्या आडव्या टाकलेल्या असतात. बुटाला लोखंडी खिळ्यांचे क्रॅम्पॉन लावून, कंबरेचा पट्टा दोरात अडकवून त्यावरून जायचं, खाली काळोख. उन्हं तापली की बर्फ सैल होतो, म्हणून हा टप्पा रात्री किंवा पहाटेच पार करतात.

पुढे वाट कशी जाते?

आइसफॉलच्या वर साधारण ६,००० मीटरच्या पुढे कॅम्प १. मग बर्फाच्या लांब खोऱ्यातून ६,४०० मीटरवर कॅम्प २. तिथून ल्होत्से शिखराची निळसर बर्फाची उभी भिंत. तिच्या मध्यावर साधारण ७,२०० मीटरला बर्फ खोदून कॅम्प ३ लावतात. इथे रात्री तंबूबाहेर क्रॅम्पॉनशिवाय दोन पावलं टाकली आणि घसरलात, तर थेट खाली.

त्याच्या पुढे साउथ कोल ही खिंड, साधारण ७,९०० मीटर. हा कॅम्प ४, शेवटचा. इथून वर आठ हजार मीटरच्या पुढचा जो भाग आहे, त्याला गिर्यारोहक 'डेथ झोन' म्हणतात, म्हणजे मरणाचा पट्टा. या उंचीवर शरीराला सवय होतच नाही. तिथे झोपलात तरी, बसलात तरी शरीर खंगतच जातं. अन्न पचत नाही, डोकं नीट चालत नाही. सिलिंडरचा ऑक्सिजन लावूनही माणूस दोन पावलं टाकतो आणि थांबून पाच-सहा श्वास घेतो. बाटलीतलं पाणी गोठतं. हातमोजा हातातून सुटून गेला तर बोटं गमावण्याची वेळ येते.

साउथ कोलवरून रात्री निघतात. रात्रभर डोक्याच्या बॅटरीच्या उजेडात चढायचं आणि सकाळी शिखर गाठायचं. वर जायलाच आठ ते बारा तास. तिथे थांबायचं दहा-पंधरा मिनिटं. मग उतरायचं.

मग रांग का लागते?

वर्षातले बहुतेक दिवस एव्हरेस्टच्या माथ्यावर वादळी वारा असतो. आभाळात फार उंचावर जोराच्या वाऱ्याचा एक पट्टा वाहतो, त्यात या शिखराचं डोकं घुसलेलं असतं. मे महिन्यात, पावसाळा यायच्या आधी, हा पट्टा थोडा उत्तरेकडे सरकतो आणि काही दिवस वारा पडतो. तेवढेच दिवस चढायचे. वळवाच्या दोन सरींमधली उघडीप बघून आपण जशी रास झाकतो, तसंच हे.

नेपाळने २०२३ च्या हंगामात एव्हरेस्टचे ४७८ परवाने दिले. प्रत्येकाबरोबर किमान एक शेर्पा धरा. एवढ्या माणसांना मोजकेच दिवस आणि दोर एकच. मग रांग लागणारच. म्हणजे रांग लागली याचा अर्थ चढाई सोपी झाली असा नाही. रांगेमुळे ती उलट जास्त धोक्याची होते. सिलिंडरमधला ऑक्सिजन तासावर मोजलेला असतो. दोन तास रांगेत उभं राहिलं तर तो दोन तासांचा ऑक्सिजन उतरताना कमी पडतो. मे २०१९ मध्ये निर्मल पुर्जा यांनी काढलेला रांगेचा फोटो जगभर गाजला. आपल्या मोबाईलवरही आला असेल. त्या एका हंगामात एव्हरेस्टवर ११ जणांचा जीव गेला.

शिखर म्हणजे अर्धीच वाट

आता मुख्य मुद्दा. एव्हरेस्टच्या वरच्या टप्प्यावर जे मरतात, त्यातले बरेच जण चढताना नाही, उतरताना मरतात. जीव लावून वर जातात, फोटो काढतात आणि उतरायला अंगात काही उरत नाही. ऑक्सिजन संपलेला, दुपार झालेली, वारा सुटलेला.

म्हणून प्रत्येक गट निघण्याआधी एक वेळ ठरवतो. समजा दुपारचे दोन. दोन वाजता तुम्ही जिथे असाल तिथून मागे वळायचं. शिखर शंभर पावलांवर दिसत असलं तरी.

हा नियम मोडला तर काय होतं, ते १९९६ साली दिसलं. १० मे रोजी न्यूझीलंडचा रॉब हॉल हा नावाजलेला गिर्यारोहक आपला गट घेऊन चढत होता. गटात डग हॅन्सन नावाचा अमेरिकेतला टपाल खात्याचा कर्मचारी होता. साधा नोकरदार माणूस. जादा काम करून त्याने पैसे जमवले होते, एका प्राथमिक शाळेतल्या मुलांनी टी-शर्ट विकून त्याला हातभार लावला होता. आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, याच रॉब हॉलने त्याला शिखराच्या अगदी जवळून, उशीर झाला म्हणून परत फिरवलं होतं. या वेळी मात्र उशीर झालेला असतानाही त्याला पुढे जाऊ दिलं. दोघं शिखरावर होते तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. खालून वादळ येत होतं. दोघंही परत आले नाहीत.

त्याच गटातले दुसरे तिघे त्याच दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमाराला, पुढे गर्दी तुंबलेली पाहून, शिखर दिसत असताना मागे फिरले होते. पैसे त्यांनीही तेवढेच भरले होते. त्यांना शिखर मिळालं नाही, पण ते तिघेही जिवंत घरी पोचले.

त्या वादळाने एकूण आठ जण गेले. त्यात तीन आपल्या इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाचे जवान होते, ते तिबेटच्या बाजूने चढत होते.

विचार करा, डग हॅन्सनला मागे फिरणं एवढं जड का गेलं असेल? पैसा, आदल्या वर्षीची हुकलेली संधी आणि वाट बघणारी शाळेतली मुलं. आपल्याकडे पोरगं मोहिमेला निघायच्या आधीच चौकात 'भावी एव्हरेस्टवीर'चा फ्लेक्स लागतो. गावात वर्गणी होते, सत्कार होतो, पुढारी येऊन भाषण करतात. हे सगळं ओझं पोरगं पाठीवर घेऊन वर जातं. मग दोन वाजता परत फिरताना त्याला बर्फाची भीती वाटत नाही, गावाला तोंड काय दाखवू याची वाटते. याच दडपणातून खोटेपणाही घडतो. २०१६ मध्ये पुण्यातल्या एका जोडप्याने दुसऱ्याच्या फोटोत फेरफार करून शिखर सर केल्याचा दावा केला. तो उघडा पडला आणि नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षं बंदी घातली.

दोर लावणारे हात

फोटोत झेंडा धरलेला माणूस दिसतो. त्याच्या आधी दोर लावत गेलेला शेर्पा दिसत नाही. शिड्या टाकणं, दोर ठोकणं, तंबू, गॅस, ऑक्सिजनचे सिलिंडर वर पोचवणं ही सगळी कामं शेर्पा आणि इतर नेपाळी कामगार करतात. तीसुद्धा आपल्यासारखीच डोंगरगावची माणसं, बटाट्याची शेती आणि याक पाळणारी. १९५३ साली २९ मे रोजी एडमंड हिलरी यांच्यासोबत पहिल्यांदा शिखरावर पोचले तेन्झिंग नोर्गे हे शेर्पाच होते. थामे गावचे कामी रिता शेर्पा २०२५ पर्यंत ३१ वेळा शिखरावर जाऊन आलेत.

पैसे भरून आलेला गिर्यारोहक आइसफॉल मोजक्या वेळा ओलांडतो. ओझं वाहणारा कामगार त्याहून कितीतरी जास्त वेळा. १८ एप्रिल २०१४ च्या सकाळी आइसफॉलवर हिमकडा कोसळला आणि १६ जण गेले. सोळाच्या सोळा नेपाळी कामगार. सरकारने अंत्यसंस्कारासाठी प्रत्येकी ४० हजार नेपाळी रुपये जाहीर केले, तेव्हा शेर्पा भडकले आणि त्यांनी काम थांबवलं. त्या वर्षी नेपाळच्या बाजूने मोहिमा गुंडाळाव्या लागल्या. नंतर विम्याची रक्कम १० लाखांवरून १५ लाख नेपाळी रुपये झाली. ऊसतोड मजुराच्या विम्यासाठी भांडणाऱ्या आपल्या भागाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

अजून एक गोष्ट. या भागाचा कारभार खुंबू पासाङ ल्हामु नावाची गावपालिका बघते. थंडीमुळे वर मैला कुजत नाही, तसाच पडून राहतो. म्हणून २०२४ पासून या गावपालिकेने नियम केला, प्रत्येक गिर्यारोहकाने आपली विष्ठा पिशवीत भरून खाली आणायची. जगभरातले श्रीमंत लोक तो नियम पाळतात.

खर्च किती येतो?

नेपाळच्या बाजूने वसंतातल्या चढाईच्या परवान्याचीच फी आता १५ हजार डॉलर आहे, म्हणजे सुमारे १३ लाख रुपये. सप्टेंबर २०२५ पासून ती ११ हजारांवरून वाढली. शेर्पा, ऑक्सिजन, तंबू, जेवण, कपडे, विमा धरून खर्च तीस लाखांच्या पुढे सहज जातो. चंद्रपूरच्या मुलांमागे शासन उभं होतं. ज्यांच्यामागे कोणी नाही, ते जमीन गहाण टाकायचा विचार करतात. तसं करू नका. कर्ज काढून गेलेला माणूस मागे फिरायला तयार होत नाही, हे वर वाचलंच आहे.

पोरांना जायचं असेल तर सुरुवात कुठून?

एव्हरेस्टपासून सुरुवात करायची नसते. पायऱ्या अशा :

१) आधी सह्याद्री. गडकोट, प्रस्तरारोहण, दोराचं काम. पुण्यात गिरिप्रेमीसारख्या जुन्या संस्था आहेत. त्यांच्या आठ जणांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट आणि दहा जणांनी २०१९ मध्ये कांचनजंगा सर केलं.

२) मग बेसिक कोर्स. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था अशा सरकारी संस्थांत साधारण चार आठवड्यांचा हा कोर्स असतो. मोहिमेच्या मानाने फी फारच कमी. अर्ज बराच आधी भरावा लागतो. वयाची अट आणि तारखा संस्थेच्या वेबसाइटवर बघा, एजंटाला पैसे देऊ नका.

३) बेसिकला चांगला ग्रेड मिळाला की ॲडव्हान्स कोर्स.

४) मग सहा हजार मीटरचं शिखर, मग सात हजारांचं. तिथे आपलं शरीर विरळ हवेत कसं वागतं ते कळतं. हे कळल्याशिवाय आठ हजारांचं नाव घ्यायचं नाही. नेपाळच्या बाजूने १६ वर्षांखालच्या मुलांना परवाना मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

कंपनी निवडताना घरच्यांनी स्वतः फोन करून चार प्रश्न विचारा. एका गिर्यारोहकामागे शेर्पा किती? ऑक्सिजनचे सिलिंडर किती आणि जादा किती? हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा विमा आहे का? परत फिरण्याची वेळ कोण ठरवतो? "शंभर टक्के शिखराची गॅरंटी" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. खरा जाणकार अशी गॅरंटी कधीच देत नाही.

केदारनाथ, लेहला जाणाऱ्यांनीही वाचा

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे एव्हरेस्टला जायचंय? पण केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे, अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर आणि लेह साधारण ३,५०० मीटरवर. विरळ हवेचा त्रास अडीच हजार मीटरच्या पुढे कोणालाही होऊ शकतो. हेलिकॉप्टरने काही मिनिटांत केदारनाथला उतरणाऱ्या किंवा विमानाने थेट लेहला पोचणाऱ्या माणसाला शरीराची सवय करायला वेळच मिळत नाही.

• लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसता आराम करा. लगेच खारदुंगला गाठू नका.

• तीन हजार मीटरच्या पुढे रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा ५०० मीटरपेक्षा जास्त उंचावर नको. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा.

• बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. उंचीवरच्या त्रासाची गोळीही त्यांना विचारूनच घ्या.

• वर दारू नको, झोपेची गोळी नको.

• डोकं दुखून मळमळत असेल तर आणखी वर जाऊ नका. तिथेच थांबा. कमी झालं नाही तर खाली या.

• बसल्याजागी धाप लागणं, फेसाळ खोकला, झोकांड्या जाणं, असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. माणसाला रात्रीच खाली न्या. शंका आली तर त्याला टाचेला बोट लावून सरळ रेषेत चालायला सांगा. जमलं नाही तर समजून जा.

"देवाच्या दारात आलोय, दर्शन घेऊनच परत जाऊ" असं म्हणणारी म्हातारी माणसं प्रत्येक बसमध्ये असतात. त्यांना सांगा, देव पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.

जाताना घरच्यांनी एवढं सांगा

शिखरालाही हेच लागू आहे. ते कुठे पळून जात नाही. तुमच्या गावातलं कोणी डोंगराची वाट धरणार असेल तर त्याला अडवू नका. पण निघताना नारळ फोडाल, ओवाळाल, तेव्हा आईवडिलांनी आणि गावानेही एक वाक्य त्याच्या कानावर जरूर घाला : "शिखर नाही झालं तरी चालेल, तू मागारी ये." सात-साडेसात आठवड्यांनी, आठ हजार मीटरवर, दुपारी दोन वाजता त्याला हेच वाक्य आठवायला पाहिजे. आणि फ्लेक्स लावायचाच असेल, तर तो घरी पोचल्यावर लावा. मागे फिरून आला असला तरीही लावा.